रोलेक्स ऑयस्टर पर्पेच्युअलच्या रंगीत डायल: रंग ओळखायचा कसा आणि चूक कुठे होते

१ सप्टेंबर २०२० रोजी रोलेक्सने ऑयस्टर पर्पेच्युअलची मालिका नव्याने आणली. फिरोजी, पिवळा, पोवळ्याचा लाल, हिरवा आणि गुलाबी अशा लखलखीत लॅकरच्या डायल त्यात पहिल्यांदा दिसल्या. घड्याळ म्हणून नाव ठेवायला जागा नाही. ३६ आणि ४१ मिलिमीटरच्या मॉडेलमध्ये ३२३० कॅलिबर, म्हणजे आतलं यंत्र, आहे, एकदा पूर्ण चावी भरली की सुमारे ७० तास चालतं आणि १०० मीटरपर्यंत पाणी आत जात नाही. तारखेची खिडकी नाही, भिंगाचा फुगवटा नाही, बेझल, म्हणजे काचेभोवतीची कडी, साधी आणि गुळगुळीत. म्हणजे डोळ्यासमोर उरते ती फक्त डायल.

म्हणूनच हे परीक्षण डायलच्या रंगाचं आहे. केस तीच, पट्टा तोच, यंत्र तेच. एका घड्याळातून दुसरं वेगळं काढायला रंगाशिवाय काही नाही. आणि वापरलेल्या घड्याळांच्या बाजारात नेमका हाच भाग सर्वात जास्त चुकीचा सांगितला जातो. कधी फोटोमुळे, कधी टोपणनावामुळे, तर कधी डायलच बदललेली असते म्हणून.

आमचं मत असं की ओळखण्याची सुरुवात रंगापासून करूच नये. आधी पृष्ठभाग बघावा, मग काटे आणि तासांच्या खुणांचा धातू, मग संदर्भ क्रमांक (मॉडेलला कंपनीने दिलेला आकडा) आणि सर्वात शेवटी रंग. डोळा रंगाला पटकन फसतो, पृष्ठभागाला सहसा फसत नाही.

पृष्ठभाग आधी

या मालिकेत डायलची घडण मुख्यतः दोन प्रकारची आहे. चकचकीत काळी, चकचकीत निळी आणि रुपेरी या सनरे डायल. पितळेच्या पातळ चकतीवर मध्यापासून कडेपर्यंत अतिशय बारीक रेषा ओढतात आणि त्यावर धातूच्या पातळ थराने रंग चढवतात. एक तर चकती विजेच्या प्रवाहाच्या रासायनिक स्नानात बुडवतात किंवा निर्वात कक्षात वाफेच्या रूपाने थर बसवतात. वर पारदर्शक वार्निश येतं. रंग पारदर्शक किंवा धातूचाच असल्यामुळे खालच्या रेषा दिसत राहतात आणि प्रकाश त्यांच्यावरून घसरतो.

पिवळी, लाल, फिरोजी, हिरवी आणि गुलाबी यांची गोष्ट वेगळी. त्या लॅकरच्या आहेत. रंगाचे अनेक थर एकावर एक देऊन, सुकवून, शेवटी घासून आरशासारखे गुळगुळीत केलेले असतात. खाली काय आहे ते दिसत नाही.

फरक बघायला दहापट भिंग आणि एकच दिवा पुरतो. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, दिवा घड्याळाच्या एका बाजूला ठेवा आणि घड्याळ हळूहळू फिरवा. सनरे डायलवर प्रकाशाचा पट्टा मध्यबिंदूतून दोन्ही बाजूंना पंख्यासारखा उघडतो आणि घड्याळ फिरलं तरी दिव्याच्या दिशेलाच राहतो. लॅकरवर तो पट्टा येतच नाही. दिव्याचं प्रतिबिंब एका ठिकाणी ठिपक्यासारखं बसतं आणि बाकीची डायल एकसारखी दिसते. फिरोजी म्हणून विकल्या जाणाऱ्या डायलवर पंखा उघडला, तर ती कारखान्याची नाही.

२०२५ मध्ये तिसरा प्रकार आला: मॅट लॅकर. २८ मिलिमीटरमध्ये लॅव्हेंडर, ३६ मध्ये वाळूसारखा बेज आणि ४१ मध्ये पिस्ता. यांच्यावर दिव्याचा ठिपकाही उमटत नाही, नुसती मऊ उजळ झाक पसरते. ओळखायच्या दृष्टीने हे तिघं सर्वात सोपे, कारण कोन बदलला तरी रंग जवळपास हलत नाही. रंगाची निवडही आम्हाला २०२० च्या भडक पाचांपेक्षा जास्त टिकाऊ वाटते.

एकेक रंग

रुपेरी डायल बहुतेक लोक पांढरी समजतात. ४१ मिलिमीटरमध्ये मात्र चूक व्हायला नको, कारण या डायलवर काटे आणि खुणा पिवळ्या सोन्याच्या आहेत. काळ्या डायलवर त्या पांढऱ्या सोन्याच्या असतात. रुपेरी डायलवर पांढऱ्या धातूच्या खुणा असलेलं १२४३०० (४१ मिलिमीटरच्या मॉडेलचा संदर्भ क्रमांक) समोर आलं तर थांबा. खुणा, काटे किंवा पूर्ण डायल, यापैकी काहीतरी बदललेलं आहे.

चकचकीत निळी डायल फोटोत सर्वात जास्त दगा देते. समोरून निळी, ४५ अंशांवरून गडद शाई आणि सावलीत जवळजवळ काळी. ज्याला फक्त सावलीतला फोटो पाठवला जातो तो काळी म्हणून घेतो किंवा काळी म्हणून नाकारतो. चकचकीत काळी डायल कितीही प्रकाश टाकला तरी निळी होत नाही. पंख्याच्या मध्यभागी ती करडी होते, एवढंच. हा फरक एका टॉर्चने दहा सेकंदांत कळतो.

फिरोजी डायलला बाजारात टिफनी या मोठ्या दागिन्यांच्या पेढीच्या निळ्या रंगाचं नाव चिकटलंय. रोलेक्स तिला फिरोजी निळाच म्हणतं. टिफनीचं नाव खरोखर छापलेल्या जुन्या रोलेक्स डायल वेगळ्या, आणि पाटेक फिलिपची २०२१ मधली टिफनी निळी नॉटिलस तर पूर्णच वेगळी. तिच्यावर सहाच्या खुणेजवळ टिफनीचं नाव छापलेलं आहे. ऑयस्टर पर्पेच्युअलच्या फिरोजी डायलवर असं नाव नसतं, आणि असेल तर ते नंतर छापलेलं आहे.

गुलाबी डायल ३६ मिलिमीटरमध्ये आली, ४१ मध्ये आली नाही. ४१ मिलिमीटरचं गुलाबी घड्याळ कितीही सुबक दिसलं तरी त्याची डायल कारखान्यातून तशी निघालेली नाही. आकार आणि रंगाची अशी जोडी तपासणं हे सगळ्यात सोपं काम, पण खरेदीच्या घाईत तेच राहून जातं.

पिवळी आणि पोवळ्याची लाल २०२२ मध्ये मालिकेतून काढल्या. या दोघींमध्ये गोंधळ होत नाही, पण पोवळ्याच्या लालाचे फोटो कधी केशरी तर कधी विटकरी येतात. पिवळसर घरगुती दिव्याखाली ती केशरीकडे झुकते, ढगाळ उजेडात लालाकडे. तिची ओळख रंगाच्या अचूक छटेवरून करायला जाऊ नका. लॅकरचा आरसा आणि कडेची एकसारखी जाडी बघा.

२०२३ मध्ये बुडबुड्यांची सेलिब्रेशन डायल आली. फिरोजी पृष्ठभागावर काळ्या रेषेने घेरलेले ५१ बुडबुडे, इतर डायलच्या रंगांत. ३१, ३६ आणि ४१ मिलिमीटरमध्ये ती मिळायची, २०२५ मध्ये बंद झाली. इथे भिंगाचं काम आहे. प्रत्येक बुडबुड्याची काळी कड एकसारख्या जाडीची असते आणि आतला रंग कडेबाहेर पाझरत नाही. नकली डायलवर छपाईचे दोन टप्पे एकमेकांवर नीट बसत नाहीत. काळ्या वर्तुळाच्या एका बाजूला पांढरट चंद्रकोर दिसते आणि दुसऱ्या बाजूला रंग रेषेवर चढलेला असतो.

आधीची ३९ मिलिमीटर

२०१५ ते २०२० या काळातलं ११४३०० हे मॉडेल बरेच जण नव्या मालिकेत धरतात. त्यातले सुरुवातीचे तीन रंग द्राक्षी लाल, निळा आणि गडद ऱ्होडियम. २०१८ मध्ये पांढरा आणि काळा जोडला गेला. गडद ऱ्होडियम म्हणजे खरं तर करडा, पण त्याच्यात तपकिरीची झाक येते आणि फोटोत कधी पारवा, कधी कोळशासारखा दिसतो. इथे रोलेक्सने एक उपकार करून ठेवलाय. मिनिटांच्या कडेला असलेल्या बारीक चौकोनी खुणा गडद ऱ्होडियमवर निळ्या आहेत, निळ्या डायलवर हिरव्या. डायलचा रंग कळेना तर या खुणा बघा, शंका राहत नाही. द्राक्षी लाल मात्र सनरे असल्याने जांभळ्यापासून गडद लालापर्यंत फिरते आणि तिचा एक फोटो बघून मत बनवणं चूकच.

उजेड आणि फोटो

रंग बघायचा तर उजेड आधी ठरवा. ५००० ते ६५०० केल्विनचा आणि रंग दाखवण्याचा निर्देशांक ९५ च्या वर असलेला दिवा घ्या, नाहीतर थेट ऊन येत नाही अशा खिडकीजवळ बसा. २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली फिरोजी हिरवटते आणि रुपेरी शॅम्पेनसारखी दिसते. फोनचा कॅमेरा पांढऱ्याचा समतोल आपोआप बदलतो. लाल डायल चौकटीभर असली की तो हिरवट-निळसर भरपाई करतो आणि लाल मंद होतो. म्हणून चौकटीत १८ टक्के करडं कार्ड ठेवा, समतोल त्यावर लॉक करा आणि मगच घड्याळ टिपा. छपाईचा पांढरा कागद वापरू नका. त्यात चमक आणणारी द्रव्यं असतात, ती निळसर प्रकाश परत फेकतात आणि डायल पिवळट भासते.

काचेवरच्या चकाकीचा उपाय साधा आहे. घड्याळाच्या वर, कॅमेऱ्याच्या मागे, काळा पुठ्ठा धरा. काचेत काळं प्रतिबिंब पडतं आणि खालचा रंग स्वच्छ दिसतो. याउलट ज्या घड्याळांच्या काचेला दोन्ही बाजूंनी परावर्तनविरोधी लेप असतो, उदाहरणार्थ ओमेगा सीमास्टर ३००एम, तिथे तिरक्या कोनातून जांभळट-निळी झाक दिसते. काळी सीमास्टर निळी वाटते ती यामुळे. रंग डायलचा की लेपाचा, हे ठरवायला कोन बदला. लेपाची झाक काचेच्या कडेवर सरकते, डायलची जागच्या जागी राहते. रोलेक्सच्या मिलगॉस ११६४००जीव्ही ची हिरवी काच हाही तसाच प्रकार. डायल हिरवी नाही, काचेची कड हिरवी.

एक चाचणी आम्ही आग्रहाने सुचवू: तेच घड्याळ दोन वेगळ्या दिव्यांखाली, खात्रीच्या त्याच रंगाच्या घड्याळाशेजारी ठेवून बघा. दोन वेगळ्या रंगद्रव्यांची मिश्रणं एका उजेडात हुबेहूब जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फाटतात. कारखान्याबाहेर रंगवलेली डायल दिवसा जुळेल, पण पिवळ्या दिव्याखाली अस्सल डायलपासून वेगळी पडेल. अस्सल दोन डायल मात्र दोन्हीकडे जोडीने बदलतात.

रोलेक्सच्या इतर काही अडचणी

ही पद्धत मालिकेबाहेरही चालते. सबमरीनर ११६६१३एलबी ची निळी डायल आधी सपाट होती, साधारण २०१३ च्या सुमारास सनरे झाली. संदर्भ क्रमांक तोच राहिला, त्यामुळे क्रमांक बघून काही कळत नाही. पंखा उघडतो का ते बघावं लागतं. पांढऱ्या सोन्याची ११६६१९एलबी ची निळी डायल सपाटच आहे, आणि तिच्या जागी २०२० मध्ये आलेल्या १२६६१९एलबी ची डायल काळी आहे, निळी फक्त बेझल. जीएमटी-मास्टर २ मध्ये पांढऱ्या सोन्याच्या १२६७१९बीएलआरओ ला २०१८ मध्ये मध्यरात्रीसारखा निळा रंग दिला. त्याच लाल-निळ्या बेझलचं स्टीलचं १२६७१०बीएलआरओ काळं. घरातल्या उजेडात दोन्ही काळीच दिसतात. खिडकीत नेऊन बघितल्याशिवाय निर्णय देऊ नये.

डेटजस्टच्या स्लेट डायलवर आम्ही नाराज आहोत. पाटीसारख्या करड्या रंगाची ही सनरे डायल, विशेषतः हिरव्या कडेच्या रोमन आकड्यांची, उबदार दिव्याखाली तपकिरी, थंड दिव्याखाली पोलादी आणि काही कोनांत शेवाळी भासते. डायल सुंदरच आहे, पण फक्त फोटो बघून ती घेऊ नये.

वयाने बदललेले रंग

रंग बदललाय म्हणजे डायल खोटीच असं नाही. रोलेक्सच्या एक्सप्लोरर २ च्या १६५५० या संदर्भ क्रमांकात, ८० च्या दशकाच्या उत्तरार्धात, पांढऱ्या रंगाच्या घटकातच दोष राहिला आणि काही डायल सावकाश सायीसारख्या, हस्तिदंती झाल्या. डेटोना १६५२० च्या काही काळ्या डायलवर छोट्या तबकड्यांभोवतीच्या रुपेरी कड्या तपकिरी झाल्या, कारण वरचं झापॉन नावाचं सेंद्रिय वार्निश चांदीचं हवेपासून रक्षण करू शकलं नाही. लिलावक्षेत्रातले ओस्वाल्डो पॅट्रिझी यांच्या नावावरून या डायलना पॅट्रिझी म्हणतात. ५० आणि ६० च्या दशकातल्या काळ्या डायल उन्हाने आणि रंगाच्या रसायनाने चॉकलेटी झाल्या, त्यांना ट्रॉपिकल म्हणतात.

खऱ्या बदलाची खूण असमानता. काच आणि केसच्या कडेखाली, खुणांच्या अगदी लगत, जिथे उजेड कमी पोचला तिथे जुना रंग थोडा उरतो. अक्षरं मात्र शाबूत असतात, कारण छपाईची शाई वेगळी असते. भट्टीत किंवा अतिनील दिव्याखाली मुद्दाम जुनी केलेली डायल उलटी वागते. रंग कडेपासून मध्यापर्यंत एकसारखा आणि अक्षरांच्या कडा भुरकट किंवा भेगाळलेल्या.

काटे आणि खुणांवरचा, अंधारात चमकणारा मसालाही वयाशी जुळायला हवा. १६५५० च्या डायलवर सहाच्या खाली स्विस - टी<२५ असं छापलेलं असतं, म्हणजे ट्रिटियम हा किरणोत्सर्गी मसाला. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, तेव्हा आज तो अंधारात स्वतःहून जवळजवळ चमकत नाही. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च मारून लगेच बंद करा. मसाला मिनिटभर तेजाने उजळत राहिला तर तो नवा भरलेला आहे. डायल सायीसारखी आणि मसाला पांढराशुभ्र, ही जोडी बहुतेक वेळा दुरुस्तीची.

डायल बदललीय का?

ऑयस्टर पर्पेच्युअलमध्ये हा प्रश्न सर्वात मोठा. काळ्या १२४३०० मध्ये फिरोजी डायल बसवणं यांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, कारण डायल यंत्रावर बसवणारे तिच्या मागचे पाय तेच, यंत्र तेच. बसवलेली डायल अस्सल असेल तर ओळखणं खरोखर कठीण जातं. बाहेर रंगवलेली असेल तर भिंगात सापडते. सहाच्या खाली स्विस आणि मेड या शब्दांच्या मध्ये नव्या पिढीत छोटा मुकुट असतो, तो आहे का आणि त्याची टोकं तीक्ष्ण आहेत का ते बघा. अस्सल छपाई किंचित उठावदार आणि कडेला कापल्यासारखी असते. रंगवलेल्या डायलवर खुणा परत बसवताना त्यांच्या पायाभोवती लॅकर उचललं जातं किंवा बारीक वलय तयार होतं. मधल्या छिद्राच्या काठाकडेही बघा, तिथे रंगाचा थेंब साठलेला असला तर तो ब्रशचा किंवा फवाऱ्याचा पुरावा आहे.

रोलेक्सचा सहा आकडी संदर्भ क्रमांक रंग सांगत नाही, ही मोठी उणीव. पूर्ण क्रमांकात डॅशनंतरचे चार आकडे डायल आणि पट्ट्याची जोडी दाखवतात, उदाहरणार्थ १२४३००-०००६ म्हणजे फिरोजी. पण हे आकडे अनुक्रमाचे आहेत, रंगाची सांकेतिक भाषा नव्हे, त्यामुळे दुसऱ्या मॉडेलमध्ये ०००६ चा अर्थ काहीही असू शकतो. विक्रेत्याकडे पूर्ण क्रमांक लिहिलेली मूळ पावती असेल तर तिचं वजन मोठं.

ओमेगा इथे सरस. तिच्या चौदा आकडी क्रमांकातला पाचवा गट थेट डायलचा रंग सांगतो: ०१ काळा, ०२ रुपेरी, ०३ निळा, ०४ पांढरा, ०६ करडा, १० हिरवा. ३१०.३०.४२.५०.०४.००१ वाचलं की पांढरी स्पीडमास्टर आहे हे घड्याळ न बघताही कळतं. पाटेकचे डॅशनंतरचे तीन आकडेही उपयोगी पडतात. नॉटिलस ५७११/१ए मध्ये ०१० निळी, ०११ पांढरी, ०१४ ऑलिव्ह हिरवी आणि ०१८ ही टिफनीसाठीची १७० घड्याळं. यातली ०१० कडेला काळी होत जाते, त्यामुळे कडेचा फोटो घेतला तर काळी आणि मध्याचा घेतला तर निळी, दोन्ही खरं.

रंगाच्या बाबतीत सर्वात मोहक उदाहरण मात्र ऑडेमार पिगेच्या रॉयल ओकचं. १९७२ च्या ५४०२ ची निळी डायल जिनिव्हाच्या स्टर्न फ्रेर या कारखान्याने बनवली. रंगाचं नाव ब्लू न्वी, न्वाज ५०, म्हणजे रात्रीचा निळा, ढग ५०. चकती रासायनिक स्नानात निळी करून वरच्या वार्निशमध्ये ५० क्रमांकाच्या काळ्या रंगाचे थेंब टाकत; ते वार्निशमध्ये ढगासारखे पसरत, म्हणून ते नाव. स्नानाचा वेळ आणि तापमान थोडं सरकलं तरी छटा बदलायची, म्हणून जुन्या डायल आपापसात तंतोतंत जुळत नाहीत आणि जुळायला नकोतच. २०२२ च्या १६२०२ मध्ये हीच छटा वाफेच्या थराने दिली आणि ती एकसारखी येऊ लागली. दहा जुन्या ५४०२ एका ओळीत ठेवल्या आणि दहाही एकाच निळ्या निघाल्या, तर त्यातल्या काही डायल नंतर बदललेल्या किंवा परत रंगवलेल्या असण्याची शक्यता तपासावी.

फोटोवरून घड्याळ घेत असाल तर विक्रेत्याकडून पाच फोटो मागा: समोरून, ३० अंशांवरून, ६० अंशांवरून, करड्या कार्डासोबत आणि सहाच्या खुणेखालच्या छपाईचा भिंगातून. सोबत एक दहा सेकंदांचा व्हिडिओ, खिडकीजवळ, घड्याळ सावकाश पूर्ण वर्तुळात फिरवलेला. सनरे की लॅकर हे त्या व्हिडिओत पहिल्या तीन सेकंदांत दिसतं. रुपेरी ४१ असेल तर त्याच व्हिडिओत काट्यांचं सोनंही पिवळं चमकतं.